साडूने लावलेली पाचर

उस्तादांनी मला पहिल्यांदा पाडले तेव्हा माझी विजार ओली झाली. ही वस्तुस्थिती प्रारंभीच नमूद करतो, कारण माझ्या साडूने ती आमच्या सासुरवाडीच्या पंगतीत, बुंदी वाढली जात असताना, सर्वांना सांगून टाकलेली आहे. प्रतिपक्षाने जी गोष्ट आधीच उघड केली ती झाकत बसू नये, हे मी माझ्या पक्षकारांनाही सांगत असतो.

मी नायगावच्या तहसील कचेरीबाहेर अर्जनवीस आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि माझ्या मसुद्यात तलाठ्यापासून जिल्ह्याच्या साहेबांपर्यंत कोणाला बोट ठेवायला जागा सापडलेली नाही, आणि काळा कोट घालून हिंडणारे दोन-तीन गृहस्थ अडचणीचा मजकूर माझ्याकडूनच लिहून घेतात. हे मी स्तुतीसाठी सांगत नाही. पुढे जे घडले ते मी ज्या नजरेने पाहिले, ती नजर कोठून आली हे समजावे म्हणून सांगतो.

उस्ताद माझ्याकडे आले ते अर्ज घेऊन. फौजेत डोंगरी पलटणीत राहून आलेला माणूस, देगलूरच्या रस्त्याला एका खेड्यात राहणारा. लातूरकडचा आपला काळा पाषाण सर्वांना ठाऊक आहे. पण नायगावच्या पुढे, तेलंगणाच्या अंगाने, जमीन बदलते आणि शेतांच्या मधोमध तांबूस, खरबरीत, दाणेदार खडकाचे डोंगरच्या डोंगर उभे राहतात. त्यांपैकी उस्तादांच्या गावामागच्या टेकडीवर कोणीतरी खाणीचा पट्टा मागितला होता. उस्तादांची हरकत होती. मी कोणत्याही जागेचा अर्ज जागा पाहिल्याशिवाय लिहीत नाही. सबब टेकडी पाहायला गेलो, आणि हा साठीकडे झुकलेला माणूस उभ्या फटीत हातपाय खुपसून वर जाताना पाहिला. खाणीचे काम अर्जामुळे थांबले. माझे मात्र दर रविवारी तिथे जाणे सुरू झाले, आणि बायकोने ते वेडात काढले.

ज्यांना या विद्येची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खडकाला भोक पाडायचे नाही, खिळा ठोकायचा नाही, हा उस्तादांचा कायदा. पहिला माणूस कमरेला दोर बांधून वर जातो. दोर त्याच्या खाली असतो, वरून त्याला कोणीही धरलेले नसते. चढता चढता तो फटीत धातूची पाचर बसवतो, तिला तारेचा फास असतो, फासाला कडी, आणि कडीत स्वतःचा दोर अडकवतो. रुंद फटीसाठी कॅम असतो. त्याचे स्प्रिंगचे दात आवळून आत घालायचे आणि सोडले की ते दोन्ही भिंतींना भिडतात. खाली एक जण दोराचे दुसरे टोक सांभाळतो. वरचा पडला तर शेवटच्या पाचरेच्या जेवढा वर होता तेवढाच तिच्या खाली जातो, आणि दोर ताणला जातो तो हिशेब वेगळा. पाचर नीट बसलेली असेल तर माणूस लटकतो. नसेल तर त्याच्या खालची पाचर त्याचे काय करायचे ते ठरवते.

उस्तादांची शिकवण्याची रीत निर्दय होती. तुम्ही वर पाचर लावली, दोर अडकवला, दोन हात आणखी वर गेलात, की खालून एकच शब्द येई, "सोड." सोडायचे म्हणजे हात सोडायचे. स्वतः लावलेल्यावर स्वतः पडायचे. कधी म्हणतील ते सांगायचे नाहीत. ज्याने सोडले नाही त्याला ते त्या दिवशी खडकाला हात लावू देत नसत, आणि बघायला जमलेल्या गावातल्या लहान मुलींसमोर त्याला सावलीत बसवून चिंचा सोलायला लावत. असे बसलेले धट्टेकट्टे तरुण मी पाहिले आहेत. त्यांतले बहुतेक पुन्हा आले नाहीत.

माझ्या पहिल्या पडण्याच्या दिवशी साडू लातूरहून पाहुणे म्हणून आले होते आणि गंमत बघायला बरोबर आले होते. मी सोडले. पोट वर आणि मी खाली, असा तो प्रकार झाला. पाचरेने मला धरले. बाकी जे झाले ते वर नमूद केलेच आहे.

"अर्जनवीस," उस्ताद खालून म्हणाले, "अर्ज भिजला की रे."

साडू हसता हसता दगडावर बसले. पुढच्या रविवारी ते स्वतःचे बूट घेऊन हजर झाले.

माझे साडू मूळचे देवणीकडचे, लातूरला एका महाविद्यालयात खेळाचे शिक्षक. त्यांच्या भागातल्या वळूसारखीच त्यांची मान आहे आणि त्याच वळणाचा स्वभाव. माझी पत्नी थोरली, त्यांची धाकटी. सबब मान माझा. आम्ही एकमेकांशी अहो-जाहोनेच बोलतो. जो काही अपमान करायचा तो अहो-जाहो सांभाळूनच करायचा, ही आमच्या सासुरवाडीची शिस्त आहे.

चढण्यात ते माझ्यापेक्षा सरस होते, हे मी नाकारत नाही. खडकाला मिठी मारून वर जात. पण पाचर लावणे म्हणजे त्यांना वरातीत थांबून चपलेचा अंगठा शिवण्यासारखे वाटे. फटीत धातू कोंबायचा, एक हिसका द्यायचा, पुढे जायचे. मी प्रत्येक पाचर तीन बाजूंनी पाहत असे, हलवून पाहत असे, काढून पुन्हा लावत असे. तोवर खाली दोर धरणाऱ्याची मान अवघडे.

"ह्यो चढत न्हाई," उस्ताद माझ्याबद्दल इतरांना सांगत, "पंचनामा करून राहिला."

अशी दोन-तीन वर्षे गेली. उस्तादांचे गुडघे गेले. मुलीने त्यांना हैदराबादला न्यायचे ठरवले. त्यांच्याजवळ सामानाचा एकच संच होता, फौजेतल्या ओळखीतून आणि आयुष्यभराच्या काटकसरीतून जमवलेला, आणि आमच्या जिल्ह्यात तसा दुसरा नव्हता. ज्याच्याकडे संच तो पुढे जाणार, ज्याच्याकडे नाही तो त्याचा दोर धरणार. हे साडूंनाही कळत होते आणि मलाही. टेकडीवरची मोठी उभी फट आम्हा दोघांनाही उस्तादांनी कधी स्वतंत्रपणे चढू दिलेली नव्हती.

"उस्ताद, निम्मं निम्मं करा," साडू म्हणाले.

"निम्म्या सामानात कोन चढंल? खालचा निम्मा माणूस?" उस्ताद म्हणाले. "एकालाच देनार. पुढच्या इतवारी या दोघं. एकानं लावायचं, दुसऱ्यानं त्याच्यावर पडायचं. मंग उलटं. जो लावायला चुकला त्यानं घरी जायचं."

त्या रविवारी आम्ही तिघेच होतो. उन्हाळा संपत आलेला, खडक सकाळीच तापलेला. उस्ताद फटीच्या पायाशी दगडाला पाठ लावून बसले. दोर त्यांनी स्वतः धरला. गुडघे गेले होते, हात गेले नव्हते.

साडू आधी गेले. मोठी फट ते असे चढले की पाहणाऱ्याला हेवा वाटावा, आणि मला वाटला. मध्ये छातीएवढ्या रुंदीचा एक ओटा आहे, तिथे ते थांबलेसुद्धा नाहीत. वर पोहोचून झाडाच्या बुंध्याभोवती दोर टाकून खाली उतरले आणि दोर ओढून घेतला. सामान फटीतच राहिले, कारण आता त्यावर मला पडायचे होते.

"साडूभाऊ," खाली येऊन घाम पुसत ते म्हणाले, "विजार दुसरी आनली का?"

"आणली आहे," मी म्हणालो. "आपल्याला लागली तर देईन."

मी दोर बांधला आणि निघालो. नियमाप्रमाणे माझ्याजवळ सामान काहीच नव्हते. साडूने जे लावले होते त्याच्या कड्यांत दोर अडकवत जायचे, एवढेच माझे काम.

ओट्यापर्यंतचे सगळे बरे होते. ओट्याच्या वर एक कॅम होता, तो मी बारकाईने पाहिला. त्याचे चारही दात भिंतीला भिडलेले होते. तो हत्ती धरील असा होता. त्याच्या वर, हात पूर्ण ताणून पोहोचेल तेथे, पाचर होती.

ती पाचर पाहून मी थांबलो. फट तिथे खाली उघडत जाते. पाचर एकाच कडेने टेकलेली, दुसरी कड हवेत. जिथे टेकली होती तिथला दगडही सडलेला होता. बोट लावले तर दाणे गळाले. खेचली असती तर ती लहान मुलाच्या दुधाच्या दातासारखी निघाली असती. वीतभर वर चांगली, अरुंद होत जाणारी जागा होती. दोन बोटांनी तिथे सरकवली असती तर तीच पाचर बैलगाडी धरून राहिली असती.

येथे माझ्या धंद्याची बाब येते. जागेचा पंचनामा होण्यापूर्वी पुराव्याला हात लावायचा नसतो. मी ती पाचर सरकवली असती, मी पडलो असतो, ती टिकली असती, तर काय सिद्ध झाले असते? की साडूने लावलेली पाचर टिकली. माझ्या बोटांचे काम त्यांच्या नावावर जमा झाले असते. वरून ओरडून सांगितले असते तर साडू म्हणाले असते की चांगलीच होती, भिऊन राहिले, म्हणून खोट काढून राहिले. आणि पंगतीत पुन्हा बुंदी वाढली गेली असती. शब्दाला शब्द उभा राहतो. निघून आलेल्या पाचरेपुढे काहीही उभे राहत नाही.

मी दोर तिच्या कडीत अडकवला आणि काही बोललो नाही.

"का थांबले?" साडू खालून म्हणाले. "वरचा मजकूर सुचंना का?"

मी हिशेब केला होता. पाचरेच्या जरा वर गेलो की उस्ताद सोड म्हणतील, कारण त्यांची सवय तीच होती. पाचर निघेल, कॅम धरील, ओट्याच्या हातभर वर मी लटकेन. साडूची पाचर साडूच्या डोळ्यांदेखत निघालेली असेल. एवढे मला पुरे होते.

मी जरा वर गेलो. उस्ताद गप्प. आणखी एक पाय फटीत अडकवला, टाच वळवली, वर उठलो. उस्ताद गप्प. पाचर आता माझ्या गुडघ्याशी होती, मग पावलाखाली, मग त्याहून खाली. प्रत्येक हालचालीला माझा हिशेब दुपटीने चुकत होता आणि तो मला दिसत होता. पुढची कडी अजून दूर होती. मी मान वळवून खाली पाहिले. ओट्याची कड उन्हात पांढरी दिसत होती. बोटांची पकड घामाने सुटू लागली. पाचर वाईट आहे, हे तीन शब्द तोंडात तयार होते. सामान आणि त्या तीन शब्दांच्या मध्ये मी उभा होतो. साडू खाली शीळ घालत होते.

शीळ ऐकल्यावर मी तोंड मिटले.

"सोड," उस्ताद म्हणाले.

मी सोडले.

पाचर निघाली ती मला ऐकू आली. धातू दगडावरून सरकतो तेव्हा टाळीसारखा कोरडा आवाज होतो. दोर क्षणभर ताणल्यासारखा झाला आणि ढिला पडला. मग ओट्याची कड माझ्या डाव्या टाचेला लागली आणि मी उलटा होऊन कॅमखाली लटकलो. वेदना नंतर आली. आधी मी पाहिली ती पाचर. ती कडीसकट माझ्या दोरावरून घसरत येऊन माझ्या कमरेच्या गाठीशी थांबली होती, जणू कोणी दाखल करून घ्यावी म्हणून आणून ठेवली होती. मी ती मुठीत धरली आणि मग ओरडलो.

मी ओरडलो तसे साडू हसले. त्यांना वाटले भीतीने ओरडलो. उस्तादांनी दोर सोडत मला खाली घेतले. पाय जमिनीला लागला तेव्हा तो माझा पाय नाही असे वाटले. बूट काढला तर टाच चपटी, भाकरी थापावी तशी झालेली. साडूंचे हसू तेव्हा थांबले.

मी मूठ उघडली.

उस्तादांनी पाचर घेतली, उन्हात धरली, कडेवरचा दगडाचा भुगा अंगठ्याने पुसला. सगळा भुगा एकाच बाजूला होता. त्यांना आणखी काही पाहायचे नव्हते.

"बघितली व्हतीस?" त्यांनी मला विचारले.

"पाहिली होती."

"निघंल म्हनून कळलं व्हतं?"

"कळले होते."

साडूंचा चेहरा काळा पडला. "अवो मंग बोलायचं की वरून. मी काय दुश्मन हाय का तुमचा? मेले असते की."

"मेलो असतो तर ते आपल्या नावावर गेले असते," मी म्हणालो. "आपण पाचर लावली होती."

"ऐका उस्ताद, काय बोलून राहिला हा मानूस. माझ्या बायकोची थोरली बहीन रांडव झाली असती आन ह्याला पुरावा पायजेल."

उस्ताद बराच वेळ पाचर बोटांत फिरवत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा त्यांच्या नजरेत माया नव्हती, पण ओळख होती. फौजेत अशी नजर त्यांनी कोणाकोणावर टाकली असेल, ठाऊक नाही.

"मला सोड म्हनायला उशीर का झाला, कळलं?" ते म्हणाले. "तू पाचरेपाशी थांबलास. तुझं थांबनं मला म्हाईत हाय. तू थांबलास, हलवली न्हाईस, बोलला न्हाईस. मंग म्हटलं, बघू कुठवर बोलत न्हाई."

म्हणजे उस्तादांनाही कळले होते. मी त्यांचा राग केला नाही. त्यांच्या जागी मीही तेच केले असते, आणि ते त्यांना माहीत होते.

"पर मी माझी पाळी दिली न्हाई," साडू म्हणाले. "ह्यांनी लावायचं आन मी पडायचं, ते राह्यलं. मंग निकाल कसा?"

"त्याच्या पायाकडं बघ. कोन लावंल आता?"

"मंग पुढं कवातरी."

"पुढं मी हैदराबादला," उस्ताद म्हणाले. ते हाताने दगडाला धरून कसेबसे उठले, खडकाशी ठेवलेला उरलेल्या कड्यांचा आणि पाचरांचा पट्टा उचलला. "वरचं सगळं काढून आन."

साडू वर गेले आणि एकेक वस्तू काढून घेऊन आले. उस्तादांनी त्या पट्ट्यात लावल्या, निघालेली पाचरही लावली, आणि तो पट्टा माझ्या गळ्यात घातला. तो जड होता.

"ह्याला?" साडू म्हणाले. "पाय गेलेल्याला?"

"तुला लावता येत न्हाई, आन लावलेलं दिसत बी न्हाई," उस्ताद म्हणाले. "तू एकांदं पोरगं मारशील आन तुला कळनार बी न्हाई कशानं मेलं. ह्यो बी मारंल. पर ह्यो चुकून न्हाई मारनार." मग त्यांनी टेकडीच्या पायवाटेकडे हात केला. "आता उचल त्याला. माझ्यानं हुनार न्हाई."

नांदेडच्या हाडांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले ते असे, की टाचेच्या हाडाचा चुरा झाला आहे, चालता येईल, पण पाऊल आडवे वळणार नाही. फट चढणे म्हणजे पाऊल फटीत घालून आडवे वळवणे. सामान माझे झाले आणि फट माझी कायमची गेली. हे मला त्या दिवशी खाली बसल्या बसल्याच कळले होते; डॉक्टरांनी केवळ शिक्का मारला.

साडूंनी मला पाठीवर घेतले. वाट उताराची आणि दगडगोट्यांची होती. माझ्या गळ्यातला पट्टा त्यांच्या मानेवर पडत होता, पावलागणिक कड्या त्यांच्या कानाशी वाजत होत्या. उस्ताद काठी टेकत मागून येत होते, त्यामुळे साडूंना मला टाकता येत नव्हते. त्यांचा घाम माझ्या सदऱ्याला लागत होता.

"साडूभाऊ," मग ते हळूच म्हणाले, उस्तादांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, "तुमचा पाय आता चढायचा न्हाई. तुमाला बी म्हाईत हाय. हे सामान मला देऊन टाका. पायजे तर वापरायला द्या, तुमचंच राहू द्या. मी तुमाला दर इतवारी लातूरहून येऊन गाडीवर आनीन. तुमी खाली बसा, एकेक पाचर तपासा. तुमी म्हनाल तिथं लावीन. तुमी म्हनाल तवा पडीन. लई झालं न्हाई हे?"

त्यांचा आवाज खरा होता. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितले नव्हते. मला आत कुठेतरी थंड, स्वच्छ असे समाधान वाटले, जसे कैफियत शेवटच्या ओळीपर्यंत बिनखोडीची उतरल्यावर वाटते.

"पुढे बोरी आहेत," मी म्हणालो. "डावीकडून चला. पट्टा काट्यात अडकेल."

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मागून उस्तादांची काठी जवळ आली. मग साडू डावीकडून चालू लागले.